एडवर्डपेक्षा चार्लीची काळजी वाटते

‘ट्वायलाइट’ मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकाची, ‘न्यू मून’ची, माझी प्रत फुटपाथवरची आहे. कागद पिवळट, बांधणी सैल, काही पानांवर शाई इतकी फिकट की ओळी अंदाजानं वाचाव्या लागतात. २००९ साली, अकरावीत असताना घेतलेली. त्यात व्हॅम्पायर एडवर्ड आपल्या प्रेयसीला, बेलाला, जंगलात सोडून निघून जातो आणि मग एकदम कोरी पानं लागतात. एका पानावर फक्त ‘ऑक्टोबर’. मग ‘नोव्हेंबर’. मग ‘डिसेंबर’, ‘जानेवारी’. मला वाटलं, पायरेटेड माल, छापायचं राहून गेलं असणार. दुसऱ्या दिवशी क्लासमधल्या मैत्रिणीची ओरिजिनल प्रत मागून घेतली आणि शेजारी ठेवून पडताळली. तिच्यातही तसंच. त्या मुलीकडे चार महिन्यांत सांगण्याजोगं काही उरलंच नव्हतं, म्हणून पानं कोरी होती. हे कळायला मला अख्खा दिवस लागला आणि कळल्यावर डोळ्यांत पाणी आलं, तेही क्लासच्या बाकावर, इंटिग्रेशन चालू असताना.

यंदा मे महिन्यात भाची सुट्टीला आली. पंधरा वर्षांची. माळ्यावरचं खोकं उघडून तिनं चारही पुस्तकं खाली काढली आणि विचारलं, “मावशी, वाचू?” त्याच रात्री ताईचा फोन. “ते व्हॅम्पायरचं ना? फार टॉक्सिक आहे म्हणतात. तू आधी बघ आणि मग दे.” म्हणून मी तेहतिसाव्या वर्षी ‘ट्वायलाइट’ पुन्हा वाचायला घेतली. तीन आठवड्यांत चारही संपवली. भाचीला थांबवलं मात्र नाही. ती माझ्या मागे मागे एकेक पुस्तक वाचत होती.

ज्यांनी वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. अॅरिझोनात तीन लहान मुलगे सांभाळणाऱ्या स्टेफनी मेयर या मॉर्मन गृहिणीला जून २००३मध्ये एक स्वप्न पडलं: कुरणात एक साधी मुलगी आणि एक चमचमणारा व्हॅम्पायर बोलत उभे आहेत. २००५च्या ऑक्टोबरमध्ये पहिलं पुस्तक आलं, २००८च्या ऑगस्टमध्ये चौथं, आणि जगभर दहा कोटींच्या वर प्रती खपल्या. गोष्ट घडते ती वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावात. व्हॅम्पायरांना ऊन नको, म्हणून मेयरबाईंनी अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो ते इंटरनेटवर शोधलं आणि हे गाव सापडलं. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर. रत्नागिरीचा माणूस यावर फार तर “बरा आहे” म्हणेल, पण तिथला पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, एवढं त्या गावाच्या बाजूनं बोलता येईल.

एडवर्डचा जन्म १९०१चा. १९१८च्या स्पॅनिश फ्लूत शिकागोला मरता मरता तो व्हॅम्पायर झाला, म्हणजे वय कायमचं सतरा. सोळाव्या वर्षी मला हे फार रोमँटिक वाटलं होतं. आता पहिला विचार असा आला की, अमर झालेला माणूस आपणहून पुन्हा पुन्हा बारावीला बसतो? आपला अश्वत्थामाही अमर आहे, पण तो कपाळावरची भळभळती जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरतो. आपल्याकडे अमरत्व हा शाप असतो. तिकडे त्यासोबत व्होल्वो मिळते.

असो. मुद्द्याचं बोलू.

या मालिकेबद्दल मोठी माणसं दोन पद्धतींनी बोलत आली आहेत. पहिली पद्धत हसण्याची. २००९मध्ये सॅन दिएगोला कॉमिक-कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळ्यात ‘ट्वायलाइटनं कॉमिक-कॉनची वाट लावली’ अशा अर्थाचे फलक घेऊन लोक उभे होते. का, तर रांगेत मुली फार दिसायला लागल्या. सुपरहिरोंच्या मागे वेडी झालेली मुलं ‘फॅन’, व्हॅम्पायरच्या मागे वेड्या झालेल्या मुली ‘मूर्ख’. आमच्या कॉलेजातही तेच होतं. क्रिकेटपटूंचे धावांचे आकडे तोंडपाठ असलेला मुलगा हुशार ठरायचा आणि आमच्या हातात ही पुस्तकं दिसली की सर हसायचे. या हसण्याला पुस्तकाशी काही देणंघेणं नव्हतं. मुलींना जे आवडतं ते हलकंच असणार, असं आधीच ठरलेलं होतं.

दुसरी पद्धत काळजीची. एडवर्ड बेलाच्या नकळत तिच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो, तिनं कुणाला भेटावं ते ठरवतो, म्हणून हे पुस्तक मुलींना बिघडवतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षी ही मालिका पहिल्या दहांत होती. ताईचा फोन हा त्याच काळजीचा मराठी अवतार. मी स्वतःही काही वर्षं हेच म्हणत फिरले आहे. कुणी विचारलं तर “लहान होते तेव्हा वाचलं होतं” असं, जुन्या फोटोतल्या ड्रेसबद्दल बोलावं तसं बोलायचे.

पुन्हा वाचल्यावर मला दोन्ही पटेनात. काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या माणसाची चालली आहे.

आधी, त्या वयात आम्हाला यात काय सापडलं ते सांगते, कारण ते झटकून टाकून पुढे जाणं म्हणजे त्या हसणाऱ्या सरांच्या शेजारी जाऊन बसणं. पहिल्या पुस्तकात एक दिवस असा येतो की एडवर्ड बेलाला फक्त प्रश्न विचारतो. आवडता रंग कुठला, आवडतं रत्न कुठलं, कुठली पुस्तकं, आधीचं घर कसं होतं, तिथलं वाळवंट तिला का आवडायचं. गाडीत, जेवणाच्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, प्रश्नामागून प्रश्न. आणि तो उत्तरं ऐकतो. सोळाव्या वर्षी मला लोक काय विचारायचे? दहावीला किती पडले. सायन्स घेतलंस का. सीईटीचा क्लास कुठला. एवढंच. मला कुठला रंग आवडतो हे घरात कुणाला माहीत नव्हतं; साडी-ड्रेसच्या दुकानात आईच ठरवायची. त्या प्रकरणावर माझी प्रत आपोआप उघडते, इतक्या वेळा ते वाचलेलं आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला तेव्हा शब्दांत सांगता आली नसती. या पुस्तकात हवंसं वाटतं ते मुलीला. ती पुढे होते, तो मागे सरतो. लग्नाआधी काही नको म्हणणारा तो, आणि ‘पण का?’ विचारणारी ती. यामागे लेखिकेचा धर्म आहे, संयमाचा उपदेश आहे, हे खरंच. तरीपण आमच्या घरांत मुलीची इच्छा हा विषयच नव्हता. मुलींना ‘जपायचं’ असतं एवढंच आम्हाला माहीत. त्यांना काही हवंही असू शकतं हे पाचशे पानं सांगणारं पुस्तक आम्ही प्रथमच बघत होतो. मराठीतली प्रेमकथा हातात दिसली असती तर आईनं हिसकावून घेतली असती. हे जाडजूड आणि इंग्रजी होतं, म्हणून ती शेजारणीला कौतुकानं सांगायची, “इंग्रजी सुधारतंय तिचं.”

तेव्हा एडवर्डचं काय करायचं? खरं सांगू, सोळाव्या वर्षीही तो खरा नाही हे आम्हाला नीट कळत होतं. वर्गात कुणीच दगडासारखा थंडगार, मनातलं ओळखणारा, उन्हात चमकणारा नव्हता. खिडकीतून येणाऱ्या व्हॅम्पायरची कल्पना करणारी मुलगी खऱ्या खिडकीशी काही खुडबुड झाली तर किंचाळतेच. परीकथेतला राक्षस ओळखायला मुलांना शिकवणी लागत नाही.

ओळखू येत नाही ते राक्षसाच्या आजूबाजूचं जग. यावेळी माझं लक्ष एडवर्डवरून उडालं आणि चार्लीवर जाऊन बसलं.

चार्ली म्हणजे बेलाचा बाप. घटस्फोटित, अबोल, मासे पकडायला जाणारा, आणि फोर्क्सच्या पोलिसांचा प्रमुख. माणूस गोड आहे. पहिल्याच पुस्तकात बर्फ पडतो तेव्हा तो पहाटे उठून मुलीच्या जुन्या लाल ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधून कामावर जातो, तिला सांगतसुद्धा नाही. ते तिच्या लक्षात येतं आणि तिचा गळा दाटून येतो. माझाही आला. असे बाप मी पाहिलेले आहेत. बोलायचं नाही, पण स्कूटीत पेट्रोल भरून ठेवायचं. (आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक मात्र बेला करायला लागते आणि चार्ली निवांत जेवतो. हेही पाहिलेलं आहे.)

आता तिसऱ्या पुस्तकाकडे या, ‘इक्लिप्स’. त्यात जेकब, म्हणजे तिचा जिवलग मित्र, तिला नको असताना जबरदस्तीनं तिचं चुंबन घेतो. ती प्रतिकार करते, काही उपयोग होत नाही, मग निश्चल उभी राहून ते संपायची वाट बघते. संपल्यावर सगळा जोर लावून त्याच्या तोंडावर ठोसा मारते. तो लांडगा-माणूस असल्यामुळे त्याला काही होत नाही, तिचाच हात मोडतो. जेकब तिला घरी सोडतो. चार्ली विचारतो, हाताला काय झालं? जेकब सांगतो, मी हिचं चुंबन घेतलं म्हणून हिनं मारलं. आणि चार्ली, पोलीस प्रमुख, मुलीचा बाप, मोडलेल्या हाताच्या मुलीसमोर त्या पोराला शाबासकी देतो.

माझ्या प्रतीत या जागी समासात पेन्सिलीनं काढलेली एक स्मायली आहे. माझीच. मला तेव्हा हे विनोदी वाटलं होतं.

त्याच पुस्तकातलं आणखी एक. बेलाला जेकबला भेटायला जायचं असतं. ट्रक सुरू होत नाही. एडवर्ड अचानक शेजारच्या सीटवर येऊन बसलेला असतो. त्यानं इंजिनातला एक भाग काढून ठेवलेला आहे. उद्या शाळेच्या वेळेपर्यंत परत बसवून देईन म्हणतो. आणि वर मोठ्या समजूतदारपणे सांगतो, आज रात्री खिडकी बंद ठेवलीस तरी मी समजून घेईन. ती रागानं खिडकी बंद करते. मग थोड्या वेळानं उठून उघडते. पुढे तो शिकारीला गेला की त्याची बहीण अॅलिस बेलाला घरी डांबून ठेवते, नखं रंगवत, सिनेमे बघत. या कामाबद्दल अॅलिसला पिवळी पोर्शे मिळालेली असते आणि सगळं कुटुंब याकडे लाडिक गंमत म्हणून बघतं. त्या घरातला बाप डॉक्टर आहे, साडेतीनशे वर्षं जगलेला, करुणेचा पुतळा. त्याला एकदाही वाटत नाही की मुलाला बाजूला घेऊन दोन शब्द सांगावेत.

आणि एमिली. जेकबसारख्या लांडगा-माणसांच्या टोळीचा नायक सॅम एका क्षणी रागावरचा ताबा सोडतो, ती त्याच्या फार जवळ उभी असते, आणि तिचा अर्धा चेहरा कायमचा विद्रूप होतो. बाहेर सांगायचं, अस्वलानं हल्ला केला. पुढे ती त्यालाच समजावते, त्याचंच सांत्वन करते. पुढे जेव्हा आपण तिला भेटतो, ती स्वयंपाकघरात टोळीला खाऊ घालत असते आणि सॅम येऊन तिच्या जखमांवर ओठ टेकतो. हे दृश्य पुस्तकातल्या सगळ्यात हळुवार दृश्यांपैकी एक म्हणून लिहिलेलं आहे. ‘पाय घसरून पडले’ म्हणणारी बाई आपल्या ओळखीत नाही, असं कोण म्हणू शकेल?

माझं म्हणणं एवढंच आहे. या चार पुस्तकांत एडवर्ड चुकतो, जेकब चुकतो, आणि गंमत म्हणजे दोघांनाही अधूनमधून ते कळतं. एडवर्ड तर स्वतःला राक्षस म्हणवून घेत हजार पानं काढतो. पण एकही मोठं माणूस कधी “हे बरोबर नाही” असं म्हणत नाही. चार्लीला एडवर्ड आवडत नाही, पण का? तर त्यानं मुलीचं मन मोडलं म्हणून. जेकब आवडतो, कारण तो आपल्या मित्राचा मुलगा, आपल्यातला. मुलीला काय हवं, काय नको, हा प्रश्न बापाच्या डोक्यात येत नाही. कोणता मुलगा चांगल्या घरातला, एवढंच तो बघतो. हा माणूस वॉशिंग्टन राज्यातला आहे की सांगली जिल्ह्यातला?

हे लिहिताना हात थोडा जड होतो. आपल्या वर्तमानपत्रांत ‘एकतर्फी प्रेमातून’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की त्यातलं ‘प्रेम’ आता कुणाला टोचतही नाही. १९९०मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळलं गेलं, तीही बातमी याच शब्दाखाली ओळखली गेली. २०२०च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कामावर निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकलं, आठवडाभरात ती गेली, तेव्हाही तोच शब्द. अशा बातम्यांच्या तपशिलात शिरलं की बहुतेकदा एक वाक्य सापडतं: तो बरेच दिवस मागे लागला होता, घरच्यांना माहीत होतं. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात आला तो २०१३ साली. तोवर त्याला आपण ‘मागे लागणं’ म्हणायचो, आणि त्यात थोडं कौतुकही असायचं. या मुली काही व्हॅम्पायरची पुस्तकं वाचून फसल्या नव्हत्या. ‘ट्वायलाइट’नं आपल्याला काही नवं शिकवलं नाही, आमच्या अंगणात जे आधीच होतं तेच इंग्रजीत, चकचकीत मुखपृष्ठासह परत आलं. म्हणून तर ते खटकलं नाही.

मेयरबाईंनी टीकेला उत्तर दिलं आहे. २०१५मध्ये पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा त्यांनी तीच गोष्ट उलट करून लिहिली: मुलगी व्हॅम्पायर, मुलगा माणूस. बेला सतत संकटात सापडते ती मुलगी म्हणून नाही, माणूस म्हणून, असं त्यांचं म्हणणं. उत्तर हुशारीचं आहे, पण प्रश्न तो नव्हताच. २०२०मध्ये तीच कथा एडवर्डच्या तोंडून आली, ‘मिडनाइट सन’. त्यात बेलाला पहिल्यांदा पाहिल्यावर तो जीवशास्त्राच्या वर्गात बसून, साक्षीदार उरू नयेत म्हणून अख्खा वर्ग कुठल्या क्रमानं मारायचा याचा हिशेब करतो. हे वाचताना मी चक्क हसले. इतकं उघड असेल तर भीती नाही. मुलींना इतकं कळतं.

अजून एक गोष्ट सोळाव्या वर्षी माझ्या गावीही नव्हती. जेकबची जमात, क्विलायूट, ही काल्पनिक नाही. फोर्क्सपासून थोड्याच अंतरावर समुद्रकाठच्या ला पुश गावात हे लोक राहतात. त्यांच्या वाट्याला आलेली जमीन जेमतेम एक चौरस मैल. लांडग्यांपासून आपली उत्पत्ती झाली अशी त्यांची स्वतःची कथा आहे. मेयरबाईंनी तिला व्हॅम्पायरांशी वैर जोडलं आणि ती जगभर खपली. फोर्क्सला पर्यटक आले, तिथे बेलाच्या वाढदिवसाच्या सुमारास, १३ सप्टेंबरला, उत्सव भरू लागला. ज्यांची कथा होती त्यांना पुस्तकांच्या आणि सिनेमांच्या कमाईत वाटा नव्हता. त्यांची त्या काळातली खरी लढाई वेगळीच होती: शाळा आणि वस्ती त्सुनामीच्या टप्प्यात, वर सरकायला जागा नाही. २०१२मध्ये कायदा होऊन ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली उंचावरची जमीन त्यांना मिळाली. आणि पुस्तकात बघा, गोरे व्हॅम्पायर संगमरवरासारखे, संयमी, पियानो वाजवणारे. आदिवासी पोरं उघडी, तापट, राग आला की जनावर होणारी. सॅमचा राग एमिलीच्या चेहऱ्यावर उतरतो तेव्हा ती चूक सॅमची उरत नाही, रक्ताची होते. हे माफीचं यंत्र कुणाच्या जिवावर चालतं ते पाहिलं की वाचनाचा गोडवा बराच उतरतो.

मग भाचीला देऊ नये? मला तसं वाटत नाही. बंदी घातली तर ती फोनवर वाचेल, एकटी, आणि मग चार्ली हसेल तेव्हा तिच्यासोबत खोलीत कुणी नसेल. ताईला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, “तू म्हणजे ना, एका गोष्टीच्या पुस्तकाचं काय करून ठेवलंस.” तेही खरं आहे. मी चौथं पुस्तक रात्री दोनपर्यंत जागून संपवलं. त्यातली ती भयानक लेकरू-प्रकरणं, हनिमूननंतर अंगभर उठलेले काळेनिळे वळ आणि ते लपवत नवऱ्यालाच धीर देणारी बेला, हे सगळं खटकूनसुद्धा पान उलटत राहिले. गोष्ट ओढून नेते, यात शंका नाही.

भाची शेवटच्या आठवड्यात ‘इक्लिप्स’पर्यंत आली. दुपारी पंख्याखाली आडवी पडून वाचत होती, मी शेजारी ओल्या काजूगरांची सालं काढत बसले होते. मध्येच ती फसकन हसली. मी मान वर केली तर पान तेच. माझी पेन्सिलीतली स्मायली तिच्या अंगठ्याखाली.

“का गं हसलीस?” मी विचारलं.

तिनं पुन्हा तो परिच्छेद वाचला. थोडा वेळ पुस्तकावरून नजर हलवली नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “तिचे बाबा हसले ना, म्हणून.”